अर्ध्या मिनिटाची लढाई : शाहेद ड्रोनमागे लागलेली युक्रेनची हेलिकॉप्टरं

७ सप्टेंबर २०२५च्या रात्री रशियाने युक्रेनवर ८१० ड्रोन आणि १३ क्षेपणास्त्रं सोडली. युक्रेनच्या हवाई दलाच्या म्हणण्यानुसार त्यातले ७४७ ड्रोन एक तर पाडले गेले, नाहीतर जॅमिंगमुळे, म्हणजे त्यांचे सिग्नल बिघडवल्यामुळे, भरकटले. त्या काळातला एका रात्रीचा हा सर्वांत मोठा हल्ला होता. त्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवला की अडचण कळते : अमेरिकी पॅट्रियट हवाई संरक्षण यंत्रणेची पीएसी-३ एमएसई क्षेपणास्त्रं लॉकहीड मार्टिनने २०२४च्या अख्ख्या वर्षात जेमतेम पाचशेच्या वर बनवली. एका क्षेपणास्त्राची किंमत साधारण ४० लाख डॉलर. म्हणजे पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी वर्षभराचं उत्पादन एका रात्रीच्या थव्याला पुरत नाही.

त्यामुळे युक्रेनला मशीनगन, जुन्या विमानविरोधी तोफा, खांबांवरचे मायक्रोफोन, शिकाऊ वैमानिकांची विमानं आणि सोव्हिएत काळातली वाहतूक हेलिकॉप्टरं अशा जमेल त्या साधनांनी संरक्षण उभं करावं लागलं. या प्रकरणात भर आहे तो हेलिकॉप्टरांवर. ती का वापरावी लागली, नेमकं काय करतात आणि कुठे हात टेकतात, हे पाहताना बाकीच्या साधनांचा हिशेबही आपोआप होतो.

समोरून काय येतं

शाहेद-१३६ हा मूळ इराणी ड्रोन. रशिया त्याला गेरान-२ म्हणते आणि तातारस्तानातल्या अलाबुगा औद्योगिक क्षेत्रात तो स्वतः बनवते. लांबी साधारण साडेतीन मीटर, पंखांचा विस्तार अडीच मीटर, वजन २०० किलोच्या आसपास. नाकात स्फोटकं : सुरुवातीला ४० ते ५० किलो, पुढे काही प्रकारांत ९० किलोपर्यंत. मागच्या टोकाला ५० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि लाकडी पंखा. इंजिन मूळ जर्मन लिंबाख एल५५०ची नक्कल आहे. युक्रेनी लोक या ड्रोनला ‘मोपेड’ म्हणतात; आवाज खरंच आपल्या जुन्या लुनाचाच, फक्त कित्येक पट मोठा आणि आभाळातून येणारा.

वेग ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ५१ मीटर. किमतीचे अंदाज बरेच वेगवेगळे आहेत, पण नेहमी सांगितला जाणारा आकडा २० ते ५० हजार डॉलरचा. युक्रेनच्या लष्करी गुप्तचर खात्याचा २०२५मधला अंदाज असा, की रशिया या प्रकारचे ड्रोन महिन्याला सुमारे २,७०० बनवते. सोबत गेरबेरा नावाचे फोम आणि प्लायवूडचे स्वस्त फसवे ड्रोन असतात. त्यांतल्या काहींत रडारला मोठं दिसण्यासाठी लुनेबर्ग लेन्स बसवलेली असते.

शाहेद सोडण्याचं एक ठिकाण म्हणजे रशियाच्या ब्रायन्स्क प्रांतातलं नाव्ल्या. तिथून कीव्ह सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरहून थोडं जास्त आहे. शाहेदला दोन तास लागतात. दुसरं ठिकाण क्रिमियातलं चाउदा. तिथून ओडेसा सव्वाचारशे किलोमीटर, म्हणजे सव्वादोन तासांच्या वर. प्रत्यक्षात ड्रोन वळणं घेत येतात, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. इतकं हळू चालणारं शस्त्र पाडायला इतका खटाटोप का, असा प्रश्न साहजिकच पडतो.

उत्तर साधं आहे. ड्रोन दोन तास हवेत असतो, पण जमिनीवरच्या एका मशीनगनच्या वाट्याला त्यातलं अर्धं मिनिट येतं.

पिकअप, मशीनगन आणि ३४ सेकंद

शाहेद पहिल्यांदा सप्टेंबर २०२२मध्ये युक्रेनमध्ये दिसले; १७ ऑक्टोबरला त्यांनी कीव्हच्या मध्यवस्तीत मारा केला. त्यानंतर फिरती गोळीबार पथकं उभी राहिली. पिकअप गाडी, मागे तिकाटण्यावर मशीनगन, उष्णता टिपणारी थर्मल दुर्बीण, सर्चलाइट, हिरवा लेझर आणि हवेतली लक्ष्यं दाखवणारा टॅबलेट. मशीनगन जी हाताशी असेल ती : १२.७ मिलिमीटरची ब्राउनिंग किंवा दश्का, आणि गोदामातून बाहेर काढलेली, पाण्याने थंड होणारी मॅक्सिमसुद्धा. मॅक्सिम शंभर वर्षं जुनी असली तरी या कामाला चांगली. नळी तापत नाही, लांब फैरी झाडता येतात, आणि दोन किंवा चार जोडून एका चौकटीवर बसवता येतात.

इशारा देण्याचं काम मोठ्या प्रमाणात ध्वनिसंवेदकांच्या जाळ्याने केलं. खांबांवर बसवलेले मायक्रोफोन, प्रत्येकी चारशे-पाचशे डॉलरचे, देशभर दहा हजारांच्या घरात. ते शाहेदच्या इंजिनाचा आवाज ओळखून त्याचा मार्ग पथकांच्या टॅबलेटवर उतरवतात. रडारला जमिनीलगतचा ड्रोन टेकडीआड दिसत नाही; आवाज मात्र ऐकू येतो. अमेरिकेच्या हवाई दलाचे युरोपातले प्रमुख जनरल जेम्स हेकर यांनी २०२४मध्ये या जाळ्याची जाहीर तारीफ केली होती, आणि ती उगाच नव्हती. अख्खं जाळं दोन-चार पॅट्रियट क्षेपणास्त्रांच्या पैशात उभं राहिलं.

आता गणित. साध्या ७.६२ मिलिमीटर मशीनगनचा हवेतल्या लक्ष्यावर उपयोगी पल्ला एक किलोमीटर धरू. ड्रोन ५०० मीटर उंचीवरून अगदी डोक्यावरून गेला, तर तो पल्ल्याच्या आत साधारण १,७३० मीटर अंतर कापतो. वेळ ३४ सेकंद. तोच ड्रोन ७०० मीटर बाजूने गेला, तर २० सेकंद. त्यातले पहिले आठ-दहा सेकंद त्याला दुर्बिणीत पकडण्यात जातात.

त्यातही नेम सोपा नाही. ८०० मीटरवर गोळी पोहोचायला सव्वा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ड्रोन ६४ मीटर पुढे जातो. साडेतीन मीटरच्या वस्तूच्या अठरा लांब्या पुढे, अंधारात, उंचीचा नीट अंदाज नसताना नेम धरायचा. उजळत जाणाऱ्या ट्रेसर गोळ्या पाहत फैर ओढत न्यायची हाच मार्ग. ड्रोन एकदा डोक्यावरून गेला की गाडी त्याला गाठू शकत नाही. तो सरळ जातो, गाडी रस्त्याने जाते.

शंभर किलोमीटर रुंदीची एक ओळ बंद करायला प्रत्येकी पावणेदोन किलोमीटरच्या हिशेबाने साठएक पथकं हवीत, आणि तीही एकाच ओळीसाठी. यात भर जर्मनीकडून आलेल्या पन्नासहून जास्त गेपार्ड या विमानविरोधी रणगाड्यांची. स्वतःचं रडार, जुळ्या ३५ मिलिमीटर तोफा, मिनिटाला दोन्ही मिळून १,१०० गोळे. शाहेदविरुद्ध जमिनीवरचं सर्वांत चोख स्वस्त शस्त्र हेच ठरलं. पण एका गेपार्डमध्ये विमानविरोधी गोळे ६४०च मावतात, आणि गोळ्यांचा पुरवठा सुरुवातीला अडला होता. स्वित्झर्लंडने आपल्या देशात बनलेला दारूगोळा युक्रेनला देऊ दिला नाही. शेवटी जर्मनीने फेब्रुवारी २०२३मध्ये राइनमेटालकडे तीन लाख गोळ्यांची मागणी नोंदवून नवी उत्पादनसाखळीच सुरू करवली. तोफ स्वस्त असून भागत नाही, गोळा कुठल्या देशात बनतो तेही पाहावं लागतं.

ड्रोन वर चढले

२०२५मध्ये रशियाने एक साधा बदल केला. शाहेद दोन-तीन हजार मीटर उंचीवरून येऊ लागले आणि लक्ष्याजवळ आल्यावर सूर मारू लागले. वरच्या गणितात उंची ५००ऐवजी १,००० मीटर टाकली की ३४ सेकंदांचे शून्य होतात. १२.७ मिलिमीटरची मशीनगन दीड-दोन किलोमीटरवर दम तोडते, २३ मिलिमीटरची जुळी तोफही अडीच किलोमीटरच्या तिरक्या पल्ल्यापलीकडे उपयोगाची नाही. शेकडो पिकअप पथकं एका फटक्यात शेवटच्या सुरापुरती उरली. तेही शहराच्या डोक्यावर, जिथे पाडलेला ड्रोनही कुणाच्या तरी छपरावरच पडणार.

सैन्यदलाची हेलिकॉप्टरं याआधीही शाहेदमागे जात होती, पण त्यांना खरं महत्त्व आलं ते या उंचीमुळे. सोव्हिएत बनावटीच्या एमआय-८ या वाहतूक हेलिकॉप्टरला तीन हजार मीटर ही उंची कठीण नाही. तिथे पोहोचून ते ड्रोनच्या वेगाने, ड्रोनच्या शेजारून चालू शकतं. ३४ सेकंदांची मर्यादा तिथे संपते.

शेजारून उडणं म्हणजे काय

लढाऊ विमानाने शाहेद पाडणं वाटतं तितकं सोपं नसतं. मिग-२९ ताशी १८५ किलोमीटरने उडू शकत नाही. त्याला ड्रोनला ओलांडूनच जावं लागतं आणि तोफ चालवायला एक-दोन सेकंद मिळतात. जवळ जावं तर स्फोटाचे तुकडे वाटेत. ऑक्टोबर २०२२मध्ये विन्नित्सियाजवळ वादिम वोरोशिलोव यांनी शाहेद पाडला, त्याच्या अवशेषांनी त्यांचं मिग-२९ निकामी झालं आणि त्यांना विमानातून उडी घ्यावी लागली. २९ जून २०२५च्या हल्ल्यात एफ-१६चे वैमानिक माक्सिम उस्तिमेंको यांनी सात लक्ष्यं पाडली. शेवटचं पाडताना विमानाला इजा झाली आणि ते वाचले नाहीत. क्षेपणास्त्र डागलं तर अंतर राखता येतं, पण मग पुन्हा क्षेपणास्त्राच्या किमतीचा प्रश्न.

हेलिकॉप्टरचं काम वेगळ्या भूमितीवर चालतं. एमआय-८च्या दारात नेमबाज बसतो. सुरुवातीला साधी मशीनगन होती. २०२५पासून सहा नळ्यांची एम-१३४ मिनिगनही दिसू लागली. हेलिकॉप्टर ड्रोनच्या शेजारी, त्याच वेगाने, दोनेकशे मीटरवर आलं की गोळीला हेलिकॉप्टरचा पुढचा वेग आयता मिळतो. ड्रोन आणि गोळी दोन्ही पुढे सरकत असतात. हवेच्या अडथळ्यामुळे गोळी किंचित मागे पडते, म्हणून नेम फार तर मीटरभर पुढे धरावा लागतो. जमिनीवरून ६४ मीटर, इथे एक. ट्रेसर कुठे जातात ते दिसतं, नेमबाज फैर सरकवत ड्रोनवर आणतो. चुकलं तर पुन्हा. ड्रोन तिथेच असतो.

मिनिगन मिनिटाला ३,००० गोळ्या सोडते, म्हणजे तीन सेकंदांच्या फैरीत दीडशे. गोळी एक डॉलरची धरली तर दीडशे डॉलर. दहा फैरी वाया गेल्या तरी शाहेदच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. दारूगोळ्याचा खर्च ही या कामातली सर्वांत किरकोळ बाब आहे.

खरी कसोटी आहे ती शेजारी पोहोचण्याची. एमआय-८ची कमाल गती ताशी २५० किलोमीटर. माणसं, बंदूक आणि इंधन घेऊन २३० धरू. शाहेदपेक्षा ताशी ४५ किलोमीटरच जास्त. ड्रोन दहा किलोमीटर पुढे असेल तर त्याला मागून गाठायला तेरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तो ४१ किलोमीटर पुढे गेलेला असतो, बहुधा शहरावर. समोरून गेलं तर दीड मिनिटात भेट होते, पण दोघे ताशी चारशेहून जास्त वेगाने एकमेकांजवळून निघून जातात, आणि हेलिकॉप्टर वळेपर्यंत मिनिट गेलं की ड्रोन तीन किलोमीटर पुढे.

म्हणून पाठलाग हा शब्द इथे फसवा आहे. चांगलं पथक पाठलाग करत नाही, आधीच ड्रोनच्या वाटेवर जाऊन थांबतं. जमिनीवरचा नियंत्रक ड्रोनचा मार्ग पाहून हेलिकॉप्टरला त्याच्या पुढे, त्याच दिशेने तोंड करून आणतो. हेलिकॉप्टर वेग थोडा कमी ठेवतं आणि ड्रोनला मागून शेजारी येऊ देतं. मग वेग जुळवायचा आणि ड्रोनला नेमबाजाच्या दाराच्या बाजूला घ्यायचं. एमआय-८मध्ये हवाई लक्ष्य शोधणारं रडार नाही. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरपर्यंत सगळं त्या नियंत्रकाच्या आवाजावर चालतं. तो दोन अंश चुकला तर अख्खी फेरी फुकट. मायक्रोफोनचं जाळं आणि टॅबलेट यांच्याशिवाय हेलिकॉप्टर आंधळं, असं म्हटलं तरी चालेल.

उंचीचीही निवड करावी लागते. ड्रोनच्या खालून पाहिलं तर तो आकाशासमोर थर्मलमध्ये स्वच्छ दिसतो, पण अवशेष अंगावर येण्याचा धोका आणि चुकलेल्या गोळ्या तीन-चार किलोमीटरवर कुठेतरी पडणार. वरून पाहिलं तर गोळ्या खालच्या शेतातच जातात, पण जमिनीच्या उबेत छोटं इंजिन हरवून जातं. त्यामुळे जवळजवळ त्याच उंचीवर, किंचित वर राहणं ही तडजोड. नेम शक्यतो मागच्या भागावर. पंखांतून पन्नास गोळ्या आरपार गेल्या तरी ड्रोन उडत राहतो, तिथे तोडण्यासारखं काही नसतं. इंजिन किंवा पंखा गेला की तो खाली जातो. नाकातल्या स्फोटकाला गोळी लागली तर दोनशे मीटरवर ५० ते ९० किलोचा स्फोट. हेलिकॉप्टरच्या दाराला काच नसते.

काय काय बिघडतं

पहिली गोष्ट हवामान. शाहेदला दिसावं लागत नाही, तो उपग्रह आणि आतल्या जायरोंवर चालतो. ढगांच्या जाड थरात तो आरामात उडतो. हेलिकॉप्टरच्या नेमबाजाला तो दिसणं भाग आहे. युक्रेनच्या हिवाळ्यात खालचे ढग, धुकं आणि रोटरवर जमणारा बर्फ यांनी कित्येक रात्री जातात, आणि रशियाही हवामान पाहूनच हल्ल्याची रात्र निवडते.

दुसरी, उठण्याचा वेळ. थंड हेलिकॉप्टरची इंजिनं सुरू करून, यंत्रणा तपासून हवेत जाईपर्यंत सहज आठ-दहा मिनिटं जातात, म्हणजे ड्रोनचे तीस किलोमीटर. इशारा मिळाल्यावर निघायचं तर उशीर. आधीपासून हवेत राहायचं तर तासाला सातशे-आठशे लिटर इंधन. नेहमीच्या टाक्यांत साधारण तीन तासांचं उड्डाण मिळतं, आणि हल्ला सहा-सात तास लाटांमध्ये चालतो. म्हणून जोड्या पाळीपाळीने ठेवाव्या लागतात. एका एमआय-८ने एका फेरीत चार-पाच ड्रोनना गाठलं तर ती उत्तम फेरी मानावी. प्रत्येक गाठीला वळणं, वेग जुळवणं आणि पुढच्या ड्रोनच्या वाटेवर जाणं धरून पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. आठशेच्या थव्यापुढे हा आकडा लहान आहे हे विसरून चालणार नाही.

तिसरी आणि सर्वांत वाईट, आपलीच गोळी. रात्री खालून ऐकू येणारा इंजिनाचा आवाज, थर्मलमध्ये दिसणारा गरम ठिपका, हळू वेग : मशीनगनवरच्या तरुणाला हेलिकॉप्टर आणि ड्रोन यांतला फरक दोन सेकंदांत करायचा असतो. त्यामुळे क्षेत्रं आखून द्यावी लागतात. अमुक पट्ट्यात अमुक वेळेत हेलिकॉप्टर, तिथे जमिनीवरून गोळी नाही. त्यापलीकडे पथकं मोकळी. टॅबलेटवर हेलिकॉप्टरचं स्थान दिसलंच पाहिजे, आणि ते उशिरा आलं तर दिसून न दिसल्यासारखं. याच गडबडीत सर्चलाइटही येतो. पथकाने ड्रोनवर टाकलेला झोत हेलिकॉप्टरवर पडला की वैमानिकाचा नाइट व्हिजन चष्मा पांढरा पडतो, तोही जमिनीपासून फार उंच नसताना. मिनिगनच्या तोंडची ज्वाळाही नेमबाजाच्या चष्म्यात तसाच त्रास देते.

चौथी, फसवे ड्रोन. गेरबेराच्या शेजारी जाऊन तो गेरबेरा आहे हे कळेपर्यंत हेलिकॉप्टरची वीस मिनिटं गेलेली असतात. न पाडता सोडावा, तर काहींत छोटं स्फोटक असतं.

तारा, उंच मनोरे, रात्रीमागून रात्र उडणाऱ्या पथकांचा थकवा ही यादी वाढवता येईल. पण हेलिकॉप्टरचं खरं भांडवल म्हणजे त्याचे उरलेले उड्डाण-तास. युक्रेनकडे नवी एमआय-८ येत नाहीत. एक दिलासा आहे : या हेलिकॉप्टरांची टीव्ही३-११७ इंजिनं झापोरिझ्झियाच्या मोटर सिच कारखान्याची आहेत, त्यामुळे इंजिनांची डागडुजी देशात होऊ शकते. हा कारखाना नोव्हेंबर २०२२मध्ये सरकारने ताब्यात घेतला.

समुद्रावरचा पट्टा

हे सगळे अडथळे एका ठिकाणी बरेच सैल होतात : ओडेसासमोरचा काळा समुद्र. पाण्यावर पिकअप उभी करता येत नाही, म्हणजे जमिनीवरच्या पथकांशी गोंधळ नाही. विजेच्या तारा नाहीत. चुकलेली गोळी आणि पाडलेला ड्रोन दोन्ही पाण्यात. किनाऱ्यापासून जितक्या दूर ड्रोन गाठावा तितका वेळ जास्त. हेलिकॉप्टरसाठी याहून सोयीचं मैदान नाही.

याच किनाऱ्यावर २०२४च्या वसंतात याक-५२ हे दोन आसनी शिकाऊ विमान टेहळणी ड्रोनच्या मागे दिसू लागलं. पुढे वैमानिक, मागे उघड्या कॉकपिटमधून बंदूक चालवणारा नेमबाज. पहिल्या महायुद्धातली पद्धत म्हणून लोक हसले, पण हिशेब तोच आहे : लक्ष्याच्या वेगाने उडणारी बंदूक. ३६० अश्वशक्तीच्या याकचं एका तासाचं इंधन एमआय-८च्या तुलनेत नगण्य. मर्यादा अशी, की त्यात मोठी बंदूक बसत नाही आणि शाहेदच्या नव्वद किलोंच्या शेजारी एवढ्या हलक्या विमानाने जाणं धाडसाचं.

समुद्रावरचा हा अनुभव फक्त युक्रेनचा नाही. मार्च २०२४मध्ये तांबड्या समुद्रात फ्रेंच नौदलाच्या पँथर हेलिकॉप्टरने येमेनमधल्या हुथी बंडखोरांचा ड्रोन दारातल्या ७.६२ मिलिमीटर मशीनगनने पाडला. त्याच समुद्रात बाकीची जहाजं तशाच ड्रोनवर दहा लाख डॉलर आणि त्याहून महागडी क्षेपणास्त्रं खर्च करत होती. उलट उदाहरण पोलंडचं. ९-१० सप्टेंबर २०२५च्या रात्री रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसले तेव्हा पोलंडची एफ-१६ आणि नेदरलँड्सची एफ-३५ उडाली. सोबत एमआय-२४, एमआय-१७ आणि ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरंही निघाली. पण आलेल्यांपैकी थोडेच पाडता आले. हेलिकॉप्टरं होती, कुठे जाऊन थांबायचं हे सांगणारं मायक्रोफोनचं जाळं आणि सराव झालेला नियंत्रक नव्हता.

मधली पायरी आणि प्रत्युत्तर

मशीनगन आणि महागडं क्षेपणास्त्र यांच्या मध्ये लेझरने दिशा मिळणारं ७० मिलिमीटरचं एपीकेडब्ल्यूएस रॉकेट आहे. एकाची किंमत ढोबळमानाने २५ ते ४० हजार डॉलर, म्हणजे शाहेदच्याच घरात. अमेरिकेने पिकअपवर बसणारे असे १४ व्हँपायर संच युक्रेनला दिले, आणि मध्यपूर्वेत स्वतःच्या एफ-१६वरून तीच रॉकेटं ड्रोनविरुद्ध वापरली. पण जून २०२५मध्ये या रॉकेटांसाठीच्या, लक्ष्याजवळून जाताना स्फोट घडवणाऱ्या प्रॉक्सिमिटी फ्यूजचा साठा युक्रेनऐवजी मध्यपूर्वेतल्या अमेरिकी दलांकडे वळवला गेला. आयात केलेल्या स्वस्त शस्त्राचा हा धोका गेपार्डच्या गोळ्यांनीही दाखवला होता.

२०२५च्या उत्तरार्धापासून शाहेद पाडणारे देशी इंटरसेप्टर ड्रोन सर्वांत वेगाने वाढले. वाइल्ड हॉर्नेट्स या युक्रेनी गटाचा स्टिंग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो आणि दोन-अडीच हजार डॉलरना पडतो. त्याची बॅटरी काही मिनिटांचीच, म्हणून तो रडारच्या इशाऱ्यावर अगदी शेवटी सोडावा लागतो आणि प्रत्येकाला एक प्रशिक्षित चालक लागतो. म्हणजे पुन्हा एका जागी बांधलेलं शस्त्र, फक्त पल्ला मशीनगनपेक्षा बराच मोठा आणि उंची हवी तितकी. शहराभोवतीचं कडं त्यांनी राखायचं आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा व समुद्र हेलिकॉप्टरांनी सांभाळायचा, अशी वाटणी सध्या तरी सर्वांत शहाणपणाची दिसते.

रशिया गप्प बसलेली नाही. डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला आर-६० हे उष्णतेचा माग काढणारं हवाई क्षेपणास्त्र पाठीवर घेतलेला शाहेद दिसला. कॅमेरा आणि रेडिओ मोडेम बसवलेल्या शाहेदला दूरवरचा चालक थेट पाहू शकतो. शेजारी हेलिकॉप्टर आलं तर त्याच्यावर ते डागता येईल, असा बेत. असे ड्रोन थोडे असले तरी परिणाम होतो, कारण कुठल्या शाहेदवर क्षेपणास्त्र आहे हे अंधारात कळत नाही. ते पुढच्या दिशेने सुटतं, म्हणून ड्रोनच्या पुढे जाऊन त्याला शेजारी येऊ देण्याची जी उत्तम पद्धत होती, तीच सर्वांत धोक्याची झाली. आता मागच्या कोपऱ्यातून यायचं, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या फरकाचं गणित पुन्हा मानगुटीवर.

जेट इंजिनाचा गेरान-३ आला की तो फरकही उरत नाही. दुप्पट-तिप्पट वेगाच्या ड्रोनला एमआय-८ कुठल्याच कोपऱ्यातून गाठू शकत नाही. एमआय-२४ ताशी ३३५ किलोमीटर जातं, तेही अपुरंच. जोवर थव्यात पिस्टन इंजिनाचे शाहेद बहुसंख्य आहेत, तोवरच दारातल्या बंदुकीचा हा उपयोग.

भारतापुरतं

मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडले, असं सरकारने ९ मेला सांगितलं. ते बहुतांशी एल-७०, झेडयू-२३, शिल्का या तोफांनी आणि जॅमिंगने परतवले गेले. त्यांत लहान, कमी उंचीचे ड्रोन बरेच होते, त्यामुळे तोफा पुरल्या. तीन हजार मीटरवरून शाहेदसारखे ड्रोन कच्छच्या रणावरून किंवा अरबी समुद्रावरून आले, तर त्याच तोफांची अडचण कीव्हच्या पथकांसारखीच होईल. नागपूरच्या सोलर समूहाचं भार्गवास्त्र थव्यावर छोटी रॉकेटं सोडतं, मे २०२५मध्ये गोपालपूरला त्याची चाचणी झाली. त्याचाही पल्ला अडीच किलोमीटरचा.

आपल्याकडे या कामाला साजेसं हेलिकॉप्टर आहे : ‘प्रचंड’ हे हल्ला करणारं हेलिकॉप्टर. त्याच्या नाकाखाली २० मिलिमीटरची फिरती तोफ, वैमानिकाच्या हेल्मेटशी जोडलेला नेम, थर्मल कॅमेरा आणि हवेत मारा करणारी मिस्त्राल क्षेपणास्त्रं आहेत. मार्च २०२५मध्ये अशा १५६ हेलिकॉप्टरांचा करार झाला. तोफ नाकाखाली फिरती असल्यामुळे ड्रोनला दाराच्या बाजूला आणण्याची कसरत करावी लागत नाही, आणि एमआय-८पेक्षा ते चपळ आहे. पण २० मिलिमीटरचा साधा गोळा लक्ष्याला लागल्यावरच फुटतो. जवळून जाताना फुटणारा प्रॉक्सिमिटी फ्यूजचा गोळा मिळाला तर दोनशेऐवजी सात-आठशे मीटरवरून काम होईल आणि ९० किलोच्या स्फोटापासून अंतरही राहील. अमेरिकी सैन्य अपाचे हेलिकॉप्टरच्या ३० मिलिमीटर तोफेसाठी असाच गोळा आणत आहे. दुसरी गरज सैन्याच्या हवाई संरक्षणाच्या आकाशतीर जाळ्यावर हेलिकॉप्टरचं स्थान सतत दिसण्याची, आणि एल-७०च्या तुकडीसोबत रात्री, सर्चलाइट आणि नाइट व्हिजन दोन्ही चालू ठेवून केलेल्या सरावाची. सैन्याच्या वैमानिकांचं प्रशिक्षण नाशिकच्या आर्मी एव्हिएशन शाळेत होतं आणि एल-७० चालवणाऱ्या आर्मी एअर डिफेन्सचं महाविद्यालय ओडिशातल्या गोपालपूरला आहे. जमिनीवरचा गोळीबार कुठे थांबवायचा याची आखणी या दोन्ही संस्थांनी मिळून करायला हवी.